पिक्चर कादंबरीसारखा वाटला तर आधी हे करा
इंदूरच्या सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाताना आमच्यात वाद होतोच, की अमुक पिक्चर तमुक कादंबरीवरून उचललाय! तर भांडायच्या आधी पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचं साल बघा, मग पिक्चरचं, मी एकदा तोंडावर पडलोय, पिक्चरच आधीचा निघाला. गरीब मुलगा-श्रीमंत मुलगी टाइपचं सरळ खोडा, ते कुणाच्या बापाचं नाही, १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही आर. जी. आनंद केसमध्ये (माझ्या नाटकावरून पिक्चर उचलला, असा नाटककाराचा दावा होता) सांगितलंय की नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. खरी गंमत बारीकसारीक गोष्टींत. दोन्हीकडे आजोबा बंद घड्याळाला रोज किल्ली देतात, ते पण नेमकं भांडणानंतर? असे तीन-चार सापडले तर पान नंबर आणि मिनिट लिहून ठेवा. एकच असेल तर गप कीस खा, गार होतोय.