टॅरो शिकताय? एकच प्रश्न दोनदा विचारू नका

मी छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्याजवळ खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. घर जिंतूर तालुक्यात, कोरडवाहू रान, सोयाबीन आणि तूर. दोन वर्षांपूर्वी पूर्व परीक्षेत थोडक्यात राहिले, आणि त्याच महिन्यात मैत्रिणीचा टॅरोचा डेक हाती आला, म्हणजे ज्यांना प्रश्न विचारून भविष्य बघतात त्या ७८ चित्रपत्त्यांचा जोड. आता रोज सकाळी एक कार्ड काढते आणि मला त्याचा खरोखर उपयोग होतो. पण पहिले आठ महिने पार वाया गेले. ते कसे गेले, हे आधी सांगते.

माझा प्रश्न एकच होता: परीक्षा निघेल का? पहिल्याच दिवशी टॉवर आलं, कोसळत्या मनोऱ्याचं अशुभ समजलं जाणारं कार्ड. वाटलं, नीट पिसले नसतील. पुन्हा पिसले, थ्री ऑफ स्वोर्ड्स, काळजात घुसलेल्या तीन तलवारी. मग डाव्या हातानं काढलं, मग दिवा लावून काढलं. रात्री साडेबाराला सन, म्हणजे सूर्याचं शुभ कार्ड आलं तेव्हा कुठं झोपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न.

हिशेब फार उशिरा मांडला. समजा ७८ पत्त्यांत तुम्हाला हवीहवीशी १० कार्डं आहेत. एकदा काढलं तर त्यातलं एखादं निघण्याची शक्यता १३ टक्क्यांच्या आसपास. पाच वेळा काढलं की जवळपास निम्मी, दहा वेळा काढलं की पाऊण. म्हणजे थांबायचं कधी हे मी ठरवत होते आणि उत्तर मात्र कार्डाचं समजत होते. चांगलं कार्ड आलं की निवांत होऊन पुस्तक मिटायचे, वाईट आलं की अभ्यासावरून मन उडायचं. तास दोन्हीकडून माझेच जात होते. दिवाळीला घरी गेले तेव्हा आईनं दोन दिवस बघितलं आणि म्हणाली, "काहून सारखं सारखं इचारायलीस गं? पिंगळाबी एकदाच सांगतो अन् फुडच्या दारी जातो." मला रडू आलं होतं.

तेव्हा हे पक्कं धरा. एका गोष्टीवर एकदाच कार्ड काढायचं आणि निदान महिनाभर तो विषय पुन्हा डेकपुढं न्यायचा नाही. निकाल, आजारपण, कोर्टकचेरी, दुसऱ्याच्या मनात काय आहे, हे विचारायचंच नाही. पत्त्यांना ते माहीत नसतं.

त्याच काळात मी एका ऑनलाइन रीडरला, म्हणजे पैसे घेऊन कार्डांचा अर्थ सांगणाऱ्याला, तीनदा पैसे पाठवले. दर वेळी नवा अडथळा, नवा उपाय आणि पुढच्या रीडिंगची तारीख. "हे तर अगदी माझंच!" असं मला दर वेळी वाटलं. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञानं वर्गातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना एकच स्वभाववर्णन 'खास तुझं' म्हणून दिलं, तर त्यांनी त्याला पाचपैकी सरासरी सव्वाचारच्या वर गुण दिले. माझ्याबाबतीत तेच घडत होतं. जो गुरू तुम्हाला पुन्हा आपल्याकडं यायला लावतो, त्याला सोडा. एका दिवसात प्रमाणपत्र देणाऱ्या कोर्सबद्दलही माझं मत वाईट आहे, आणि मोबाइलवर आपोआप कार्ड उघडणाऱ्या ॲपबद्दल तर फारच. पत्ते हातात घेऊन पिसण्यात जी दोन मिनिटं जातात, तेवढ्यात मन जागेवर येतं.

घाबरू मात्र नका. डेथ कार्ड आलं म्हणून कुणी जात नाही, आणि पहिला डेक भेटच मिळाला पाहिजे हेही खरं नाही. हे पत्ते पंधराव्या शतकात इटलीत खेळासाठी निघाले. भविष्य सांगायला त्यांचा वापर फोफावला तो अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. आपल्यापैकी बहुतेकांकडं असतो तो रायडर-वेट डेक १९०९ चा, लंडनचा. त्यात पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनं आकड्यांच्या साध्या पत्त्यांवरही माणसांचे प्रसंग रंगवले. मला ते प्रसंगच कामाला आले.

आता माझी रीत अशी आहे. प्रश्न 'होईल का'चा नसतो, 'मी काय टाळतेय'चा असतो. कार्ड काढलं की अर्थाचं पुस्तक उघडायच्या आधी चित्रात काय दिसतं ते वहीत तीन ओळींत लिहायचं, आणि त्यातून आजच्या दिवसाचं एकच काम ठरवायचं. एकदा एट ऑफ स्वोर्ड्स आलं. एक बाई, डोळ्यांवर पट्टी, अंग बांधलेलं, भोवती तलवारी. पण नीट बघा, पाय मोकळे आहेत आणि समोर वाट आहे. मी चार महिने अंकगणिताला हात लावला नव्हता. त्या दिवशी वीस गणितं सोडवली, अकरा चुकली. दुसऱ्या दिवशी परत वीस.

सेव्हन ऑफ पेंटॅकल्समधला माणूस अवजाराच्या दांड्यावर हात टेकवून पिकाकडं बघत उभा असतो. आमचे बाबा तुरीच्या बांधावर असेच उभे राहतात. सोयाबीन निघून गेलं तरी तूर उभीच असते, तिला तिचे महिने लागतातच. त्या कार्डावर मी सगळ्यात जास्त लिहिलंय.

झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर डेक बाजूला ठेवा आणि टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे. मी त्या दिवाळीनंतर केला होता.

आज सकाळी फाइव्ह ऑफ कप्स आलं. सांडलेले तीन कप लगेच लिहून झाले. पाठीमागं उभे असलेल्या दोन कपांपुढं काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही, वहीत तेवढ्या दोन ओळी मोकळ्या ठेवल्यात.