आंब्याच्या सीझनात ईमेल कशी हाकायची

आमची देवगड तालुक्यात हापूसची कलमं आहेत. फार नाहीत, पण मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत घरात कुणाला धड जेवायला फुरसत मिळत नाही, एवढी नक्की. वाशीला दलालाकडे जाणाऱ्या पेट्या हळूहळू कमी करून आम्ही पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट माल द्यायला लागलो, तेव्हापासून आमचे हे बागेत आणि मी पडवीतल्या कंप्युटरवर, अशी वाटणी झाली. व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेऊन बघितल्या. शुभ सकाळच्या फुलांच्या ढिगातून एखाद्या कोथरूडच्या बाईंचा पत्ता शोधायला गेलं की अर्धा तास गेलाच. मग पत्ता आणि डझन ईमेलवरच कळवा, असं सगळ्यांना सांगून टाकलं. पुढचं सगळं मी जीमेल आणि क्रोमवर करते, म्हणून नावं तिथलीच देते.

पहिल्याच वर्षी फजिती झाली. सीझन सुरू झाल्याचं पत्र मी साठ जणांना ‘टू’च्या रकान्यात सगळे पत्ते घालून धाडलं. शेजारी बसलेली पुतणी ओरडलीच, “काकी, सगळ्यांचे पत्ते सगळ्यांका दिसतत गो!” तोवर पत्र गेलेलं. एका जुन्या गिऱ्हाइकाने कडक शब्दांत लिहिलं की माझा ईमेल असा वाटायचा नव्हता. त्यांचं बरोबरच होतं. तेव्हापासून अशा पत्रात ‘टू’मध्ये मी माझाच पत्ता घालते, बाकी सगळे ‘बीसीसी’त, तिथले पत्ते बाकीच्यांना दिसत नाहीत. साठ नावं एकेक टाइप करायची गरज नसते. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये सगळ्यांना निवडून ‘गिऱ्हाईक’ असं लेबल लावून ठेवा. पत्र लिहिताना बीसीसीत ते लेबल लिहायला लागलात की पूर्ण यादी एका दमात येते. फक्त एक लक्षात ठेवा, साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० पत्त्यांपलीकडे पाठवता येत नाही.

दुसरी फजिती मात्र वाचली. पाच डझनांच्या पेटीचा भाव लिहिताना एक शून्य गळलं आणि ‘सेंड’ दाबल्यावर ते दिसलं. खाली कोपऱ्यात ‘अनडू’ असतं ते दाबलं, पत्र परत हातात. मूळ सेटिंगमध्ये त्याला पाचच सेकंद मिळतात आणि पाच सेकंदांत माझा चष्मासुद्धा नाकावर येत नाही. वर चाकाचं चिन्ह, ‘सी ऑल सेटिंग्ज’, पहिल्याच पानावर ‘अनडू सेंड’, तिथे ३० करा. पान खाली सरकवून ‘सेव्ह चेंजेस’ दाबायला विसरू नका, नाहीतर काहीच बदलत नाही. मी दोनदा विसरले होते.

आता ऑर्डरी वेगळ्या काढायचं. जीमेलच्या पत्त्यात आपल्या नावानंतर अधिकचं चिन्ह घालून पुढे इंग्रजीत काहीही लिहिलं, तरी पत्र आपल्याच पेटीत येतं. आंब्याच्या पेटीत आम्ही जो कागद घालतो त्यावर मी नावापुढे अधिक आणि ‘आंबा’ असं इंग्रजीत छापलंय. त्या पत्त्यावर आलेलं प्रत्येक पत्र ऑर्डरचंच. मग फिल्टर, म्हणजे पत्रं आपोआप वेगळी काढायचा नियम: शोधपट्टीच्या उजव्या टोकाला छोट्या पट्ट्यांचं बटण आहे, त्यात ‘टू’मध्ये हा आंब्याचा पत्ता घाला आणि ‘क्रिएट फिल्टर’ दाबा. पुढच्या पानावर ‘ऑर्डर’ लेबल लावा आणि ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’वर खूण करा. ही दुसरी खूण महत्त्वाची. एकदा एका नव्या बाईंची ऑर्डर स्पॅममध्ये आठवडाभर पडून होती आणि त्यांनी आंबे दुसऱ्याकडून घेतले. जुन्या पत्रांनाही लेबल हवं असेल तर त्याच पानावर तशी एक खूण आहे. वेगवेगळ्या वेबसाइटवर नाव नोंदवतानाही मी असेच निरनिराळे शब्द जोडते, म्हणजे माझा पत्ता कुणी पुढे दिला ते नंतर कळतं. काही फॉर्म मात्र अधिकचं चिन्ह घेत नाहीत.

गिऱ्हाइकांचे प्रश्न ठरलेले असतात, म्हणून उत्तरंही ठेवणीतली असावीत. ‘सी ऑल सेटिंग्ज’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’वर जाऊन ‘टेम्प्लेट्स’ चालू करा. मग पत्राच्या चौकटीत खाली उजवीकडे तीन टिंबं दिसतात, तिथून लिहिलेला मजकूर जपून ठेवायचा आणि हवा तेव्हा ओढून घ्यायचा. माझं सगळ्यात जास्त चालणारं टेम्प्लेट असं:

“पेटी आली की लगेच उघडा, बंद ठेवू नका. आंबे पेंढ्यात एकेरी थरात मांडा, उन्हात नको. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका, तो नीट पिकत नाही. रोज एकदा हात फिरवून पिकलेले वेगळे काढा. वास सुटला आणि बोटाला किंचित मऊ लागला की खायला तयार. पिकल्यावर मग फ्रिज चालेल.”

दुसरं टेम्प्लेट साक्याबद्दल आहे. आत पांढरट, कापसासारखा गर निघाला की नवं गिऱ्हाईक चिडतं. आंबा बाहेरून सुंदर असतो, कापल्याशिवाय साका कळत नाही, हे समजावून फोटो मागवते आणि पुढच्या पेटीत तेवढे आंबे वाढवून देते. तिसरं, “हा खरा हापूस कशावरून?” याचं. त्यात लिहिते की २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं आहे. टेम्प्लेट नुसतं चिकटवून पाठवू नये. वर दोन ओळी त्या माणसाच्या नावाच्या घालाव्यात, नाहीतर ते बँकेच्या पत्रासारखं वाटतं.

आता कोकणातला खरा मुद्दा: लाईट आणि रेंज. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ येऊन गेलं तेव्हा आमच्याकडे दिवसचे दिवस काळोख होता. एरवीही मे महिन्यात जरा ढग गडगडले की लाईट जाते. लाईट गेली की राऊटर गेला, पण लॅपटॉप दोनेक तास तग धरतो. ते दोन तास फुकट जाऊ नयेत म्हणून जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑफलाइन’ नावाचं पान आहे, ते क्रोममध्ये उघडून चालू करा. किती दिवसांची पत्रं मशीनवर ठेवायची ते विचारतं: ७, ३० की ९०. मी सीझनात ३० ठेवते. मग नेट नसतानाही पत्रं वाचता, शोधता आणि लिहिता येतात. ‘सेंड’ दाबलेली ‘आउटबॉक्स’मध्ये थांबतात आणि नेट आल्यावर आपोआप निघतात. जीमेलचं पान मात्र आधी बुकमार्क करून ठेवा, कारण नेट नसताना गूगलवर शोधून तिथे पोचता येत नाही. सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या कंप्युटरवर हे कधीही चालू करू नका, तुमची पत्रं तिथेच राहतात.

याच्या उलट काम ‘शेड्यूल सेंड’चं. ‘सेंड’शेजारच्या बाणात ते सापडतं. रात्री लाईट असताना मी दुसऱ्या दिवशीच्या डिलिव्हरीची पत्रं लिहून सकाळी आठची वेळ लावते. ती गूगलच्या बाजूने जातात, तेव्हा सकाळी आमच्याकडे काळोख असला तरी पुण्यात पत्र वेळेवर पोचतं.

ब्राउझरचं फार नाही. लाईट जाऊन मशीन बंद पडलं तरी उघडी पानं परत यावीत, यासाठी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑन स्टार्टअप’वर जाऊन ‘कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ’ निवडा. चुकून एखादं पान बंद केलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकदम दाबा. चार दिवसांपूर्वी बघितलेलं पान शोधायचं असेल तर पत्त्याच्या पट्टीत ॲटचं चिन्ह आणि लगेच इंग्रजीत हिस्टरी लिहून टॅब दाबा, मग शब्द टाका. बँकेची किंवा रेल्वेची पावती दिसली की कंट्रोल-पी दाबून प्रिंटरऐवजी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडते. आमच्याकडे प्रिंटर आहे, पण त्याची शाई पावसाळ्यानंतर कायम वाळलेली.

सरकारी यादीत आपलं गाव शोधायला कंट्रोल-एफ उत्तम, पण त्यात एक गोम आहे. जुन्या मराठी फॉन्टमध्ये केलेली पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते आणि शोधताना एक अक्षर सापडत नाही. स्कॅन केलेल्या कागदांचंही तसंच. ‘सापडलं नाही’ असं आलं म्हणजे नाव यादीत नाही, असं समजून बसू नका. वरून खाली वाचाच. नुकसानभरपाईच्या यादीत आमचं नाव असं हाताने वाचूनच सापडलं होतं.

एक प्रोफाइल मात्र आधी करायला हवं होतं. आमचे हे सोसायटीच्या कामाला बसले की माझं खातं लॉगआउट करायचे, आणि परत आत शिरायला मला फोनवर कोड. तो फोन त्यांच्याच खिशात, आणि हे बागेच्या वरच्या टोकाला, जिथे रेंज नाही. आता क्रोममध्ये वर उजवीकडच्या गोल चित्रावर क्लिक करून त्यांचं वेगळं प्रोफाइल केलंय. त्यांचे बुकमार्क त्यांच्याकडे, माझे माझ्याकडे. माझ्या खिडकीला पिवळा रंग दिलाय, त्यांच्या खिडकीला हिरवा.