‘उद्‌घाटन’: छापण्याआधी काय तपासावे

‘उद्‌घाटन’ लिहिताना ‘उघडणे’ आठवावे. संस्कृतातला ‘उद्‌घाटन’ प्राकृतातून झिजत मराठीत आला, तोच आपला ‘उघडणे’. ‘उघडणे’त घ आहे, म्हणून ‘उद्‌घाटन’मध्येही घ. तरीही फलकांवर सर्रास ‘उद्धाटन’ दिसते, कारण जोडाक्षरात द्घ आणि द्ध जवळजवळ सारखे दिसतात. ‘उदघाटन’ हेही चूक. द चा पाय मोडलेलाच हवा. संगणकावर द, हलन्त, झिरो विड्थ नॉन-जॉइनर हे अदृश्य चिन्ह आणि मग घ असे टाइप केले, की पाय मोडलेला द सुटा दिसतो आणि वाचणारा चुकत नाही. शेवटचे प्रूफ मोठे करून पाहावे. कोनशिलेवर कोरलेली चूक खोडता येत नाही.

अर्थाची कसोटीही ‘उघडणे’ हीच. दुकान, दालन, प्रदर्शन उघडते. त्यांचे उद्‌घाटन होते. संमेलनाचे कामकाज खुले होते, म्हणून तिथेही हाच शब्द. पुतळा मात्र उघडत नाही, त्याच्यावरचे आवरण दूर होते: अनावरण. तैलचित्र, कोनशिला आणि बोधचिन्ह यांनाही तोच शब्द. पुस्तकाचे प्रकाशन, योजनेचा किंवा मोहिमेचा शुभारंभ, नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग. बांधकाम व्हायचे असेल तर भूमिपूजन.

‘लोकार्पण’ जपून वापरावा. लोकांच्या वापरासाठी अर्पण केलेला पूल, रस्ता, रुग्णालय यांनाच तो शोभतो. खासगी शोरूमचे लोकार्पण होत नाही. काम टप्प्यांत खुले होत असेल तर टप्पाही लिहावा. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पाच खुला झाला होता. अशा वेळी नुसते ‘महामार्गाचे लोकार्पण’ छापणे म्हणजे चुकीची माहिती देणे.

वाक्यरचनेत लिंग सांभाळावे: उद्‌घाटन झाले, शुभारंभ झाला. ‘उद्‌घाटनाचा शुभारंभ’ ही द्विरुक्ती. ‘यांच्या शुभहस्ते’ लिहावे, ‘शुभहस्ते’ एकत्र. ‘हस्तेने’ कधीच नाही, कारण ‘हस्ते’मध्येच ‘हाताने’ आले. ज्यांच्या हातून फीत कापली जाणार त्यांचेच नाव ‘हस्ते’ आधी, बाकीच्यांची ‘प्रमुख उपस्थिती’खाली. नमुना असा:

‘वाचनालयाच्या नव्या दालनाचे उद्‌घाटन (नाव) यांच्या शुभहस्ते, रविवारी सकाळी १० वाजता होणार आहे.’