जेवणाच्या सुट्टीत प्रशिक्षण: बेळगावच्या उद्यमबाग-मच्छेतल्या वर्कशॉपसाठी

सुट्टी कामगाराची आहे, मालकाची नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमातही किमान अर्ध्या तासाची विश्रांती होती, तिला हात लावू नका. सुट्टी 30 मिनिटांची असेल तर ती 45 करा. प्रशिक्षणाची ही वाढीव 15 मिनिटे कंपनीच्या वेळेतली, पगारी. हजेरी सक्तीची केली की माणसं घाईघाईने डबा संपवतात आणि मशीनवर पेंगतात.

आधी जेवण, मग हात धुणे, मग शिकणे. आठवड्यातून एकच दिवस, एका वेळी आठ-दहाजण, एकच विषय.

उदाहरणार्थ व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन. जबडे पुसून मिटवा, दोन्ही शून्यं जुळतात का बघा. इथेच बऱ्याच चुका पकडल्या जातात. मग प्रत्येकाच्या हातात तोच जॉब (मापायचा तुकडा) द्या. मुख्य पट्टीवर 24, व्हर्नियरची अठरावी रेघ जुळली, लघुतम माप (या साधनाने मोजता येणारं सर्वांत लहान अंतर) 0.02 मिमी: 18 गुणिले 0.02 म्हणजे 0.36, माप 24.36 मिमी. जॉब गरम असेल तर माप जास्त येतं, तो गार होऊ द्या.

मराठीत सांगितलेलं लगेच कन्नडमध्येही सांगा, नाहीतर शेजारचा ऑपरेटर नुसती मान डोलावतो. कॉम्प्रेसरच्या आवाजाजवळ वर्ग घेऊ नका. जे येत नाहीत त्यांना तेच शिफ्ट सुरू झाल्यावर मशीनपाशी दाखवा.