घड्याळ मनगटावर नको, घोट्यावर: पक्षाघातानंतरचं चालणं घरी कसं मोजायचं

बाबा काठी टेकत पॅसेजमधून चालले, मी मागून मोठ्याने १०० पावलं मोजली, आणि त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाने ३१ दाखवली. बाबा म्हणाले, "बाकीची एकोणसत्तर कुठे गेली रे?"

घड्याळ बिघडलेलं नव्हतं. त्यातला सेन्सर हालचालीचे झटके टिपतो, आणि मनगटावर बांधला की त्याची सगळी भिस्त झुलत्या हातावर. इथे एक हात लुळा, दुसरा काठीवर. झुलणार कोण? त्यात चाल संथ, म्हणजे झटकेही मवाळ.

तेव्हा आधी जागा बदला. घड्याळ चांगल्या पायाला, घोट्याच्या हाडाच्या जरा वर, बाहेरच्या बाजूला बांधा. पट्टा पुरत नसेल तर वेल्क्रोची पट्टी शिवून घ्या. दुबळ्या पायाला बांधू नका. तो पाय घासत किंवा गोल फिरवत पुढे येतो, पाऊल कधी नोंदलं जातं, कधी नाही. शिवाय त्या बाजूची संवेदना कमी असेल तर पट्टा काचतोय हे माणसाला कळतसुद्धा नाही. चांगल्या पायावरही रात्री पट्टा सोडला की वळ उठलाय का बघाच.

मग पडताळणी. नेहमीचे बूट, नेहमीची काठी, पायाला स्प्लिंट असेल तर तोही घालून १०० पावलं चालवा. सोबतच्या माणसाने दुबळ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे राहायचं. मोजताना शेजारी भेटतात, गप्पा होतात, आकडा हुकतो. मी खिशात दहा चिंचोके ठेवायचो; दर दहा पावलांनी एक चिंचोका दुसऱ्या खिशात. असं तीनदा करा. घड्याळ दर वेळी ९० ते ११० च्या आत राहिलं तर घरच्या कामाला पुरे. दर वेळी पन्नासच्या आसपास आलं तर ते एकाच पायाची पावलं मोजतंय. दुप्पट करायचं, झालं. आकडा दर वेळी वेगळाच येत असेल तर ते यंत्र या कामाचं नाही.

पावलं म्हणजे वेग नव्हे. वेगासाठी पॅसेजमध्ये खडूने १० मीटर आखा, दोन्ही टोकांना २ मीटर मोकळे सोडा, आणि फक्त मधल्या १० मीटरची वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर घ्या. २५ सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर वेग सेकंदाला ०.४ मीटरच्या खाली. अशी माणसं बहुधा घरातल्या घरातच चालतात. साडेबारा सेकंदांच्या आत, म्हणजे ०.८ च्या वर गेलात, तर बाहेर एकट्याने फिरण्याइतका वेग आला असं फिजिओथेरपिस्ट साधारण धरतात. रस्ता ओलांडायचा की नाही हे मात्र तोल आणि नजर बघून तेच ठरवतील. चाचणी आठवड्यातून एकदा पुरे, त्याच वेळी, त्याच बुटांत.

दोन्ही पाय सारखे पडतात का, हे क्लिनिकमध्ये दोन्ही पायांना सेन्सर लावून बघतात. एक पाय टेकल्यापासून तोच पाय पुन्हा टेकेपर्यंत चालीचं एक चक्र. धडधाकट माणसाचा प्रत्येक पाय या चक्रात साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर असतो. पक्षाघातानंतर चांगला पाय जास्त वेळ टेकलेला राहतो. घरी डोळे मिटून ऐका: टप्... टप-टप्... टप्. ही लय जसजशी सारखी होत जाईल, तसं कानालाच कळतं.

वहीत तारीख, पावलं, घड्याळ किती तास बांधलं होतं आणि दिवस कसा गेला, एवढं लिहा. तासांचा रकाना विसरू नका. तीन तासांचा दिवस आणि दहा तासांचा दिवस यांची तुलनाच होत नाही. एका दिवसाच्या आकड्यावर खूश किंवा नाराज होऊ नका, आठवड्याची सरासरी काढा. आणि १०,००० पावलांचा हट्ट सोडा. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला, कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीतून नव्हे. पावलं किती आणि कधी वाढवायची हे फिजिओथेरपिस्टना वही दाखवून ठरवा.

चालताना छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच बसवा आणि डॉक्टरांना कळवा. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हातापायातली ताकद अचानक गेली, तर मोजणी तिथेच टाकून १०८ ला फोन करा.