मिरगाआधी जुना टिलर कामाला लावताना

गोव्यात मिरग (मृग नक्षत्र) जूनच्या सात-आठ तारखेला लागतो आणि पहिला जोराचा पाऊस झाला की मोरड (उंचावरच्या, पावसावर अवलंबून असलेल्या) जमिनीवर भेंडी, दोडकी, तवशी, चिबूड यांची लागवड उरकायला मोजकेच दिवस हाती असतात. नेमक्या त्याच दिवसांत म्हापसा, डिचोली किंवा फोंड्याच्या मिस्त्रीकडे बंद पडलेल्या यंत्रांची रांग लागलेली असते आणि जुन्या यंत्राचा एखादा ऑइल सील (तेल गळू न देणारी रबरी कडी) मिळवण्यासाठी आठवडा जातो. म्हणून कोणाच्या मांगरात (शेतातल्या छपरात) वर्षानुवर्षे पडून राहिलेला पेट्रोल टिलर, म्हणजे फिरत्या पात्यांनी जमीन नांगरणारे छोटे यंत्र, आपण स्वस्तात घेतला असेल, तर त्याला हात लावण्याची वेळ मे महिन्याचा पहिला पंधरवडा ही आहे.

रंग उडालेला, पत्रा गंजलेला आहे एवढ्यावरून यंत्र मोडीत काढू नये. आणि बाहेरून चकचकीत दिसते म्हणून त्यावर पैसेही घालू नयेत. सर्वप्रथम इंजिन फिरते का ते पाहावे. इंजिन सुरू करण्याची दोरी जागची हलतच नसेल तर ती झटके देऊन ओढू नये, कारण त्यात दोरीची स्प्रिंग तुटते आणि पिस्टनच्या अडकलेल्या रिंगाही मोडू शकतात. त्याऐवजी स्पार्क प्लग काढून त्या भोकातून दोन-तीन चमचे पातळ तेल किंवा डिझेल आत सोडावे, दोन-तीन दिवस तसेच राहू द्यावे आणि मग हाताने फ्लायव्हील (इंजिनाचे जड चाक) थोडे पुढे, थोडे मागे असे सैल करत न्यावे. इंजिन मोकळे झाल्यावर प्लग परत बसवून दोरी ओढली असता हाताला ठसठशीत दाब जाणवला पाहिजे. तो जाणवत नसेल तर प्लगच्या भोकात एक चमचा इंजिन ऑइल घालून पुन्हा ओढून पाहावे: दाब वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेले आहेत आणि वाढला नाही तर दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये आहे. रिंगांचे काम निघाले तर खर्चाचा अंदाज घेऊन आणि विभागीय कृषी कार्यालयात नव्या यंत्रावरील अनुदानाची चौकशी करूनच पुढे जावे, हे माझे स्पष्ट मत आहे. दाब चांगला असेल तर मात्र यंत्र वाचवण्याजोगे आहे असे समजून निश्चिंतपणे कामाला लागावे.

पडून राहिलेली यंत्रे सुरू न होण्याचे सर्वांत मोठे कारण इंधन हे असते. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवेत ओलाव्याची कमतरता कधीच नसते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, टाकी आतून गंजते, जुन्या रबरी नळ्या फुगून ठिसूळ होतात आणि कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) वाटीत उरलेले पेट्रोल सुकून चिकट थर धरते. त्यामुळे टाकीतील जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकावे, नळी आणि गाळणी नवी घालावी आणि कार्बोरेटर उघडून त्यातील जेटचे (पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचे) बारीक भोक उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहावे. ते मोकळे करण्यासाठी विजेच्या वायरमधली एकच मऊ तांब्याची तार वापरावी. सुई किंवा पोलादी तार घातल्यास भोक मोठे होते आणि इंजिन कायमचे जास्त पेट्रोल पिऊ लागते. पत्र्याची टाकी आतून गंजली असेल तर ती काढून, पाण्याने धुऊन, माडाच्या सुरेपासून केलेले घरचे व्हिनेगर आणि मूठभर नट आत घालून अधूनमधून हलवत एक दिवस ठेवावी, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावी. कार्बोरेटर मात्र व्हिनेगरमध्ये बुडवू नये, कारण त्याचा हलका धातू आम्लाने खाल्ला जातो.

ठिणगी पाहण्यासाठी काढलेला प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा आणि दोरी ओढावी; हे करताना सांडलेले पेट्रोल जवळ नसावे. ठिणगी निळी आणि ठळक हवी. नवा प्लग फार महाग नसतो, तेव्हा जुना घासत बसण्यापेक्षा तो बदलावा आणि त्याची फट साधारण ०.७ मिलिमीटर ठेवावी. मांगरात ठेवलेल्या यंत्राची वायर उंदरांनी कुरतडलेली असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, म्हणून ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलकडे वळण्याआधी वायर शेवटपर्यंत तपासावी.

गिअरबॉक्सकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि पुढचा मोठा खर्च तिथूनच निघतो. खालचा बोल्ट काढल्यावर येणारे तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. पात्यांच्या दांड्याला गुंडाळलेले गवत आणि नायलॉनच्या दोऱ्या सीलमध्ये घुसून तो कापतात. त्या काढून सील नवा बसवावा, गिअरबॉक्स डिझेलने धुवावा आणि पुस्तिकेत सांगितलेले तेल भरावे. पुस्तिका नसल्यास अशा गिअरबॉक्सला बहुधा ९० क्रमांकाचे गिअर ऑइल चालते. इंजिन दोन स्ट्रोकचे आहे की चार, हे ठाऊक असल्याशिवाय टाकीत पेट्रोल घालू नये: दोन स्ट्रोकच्या इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते आणि निव्वळ पेट्रोलवर ते काही मिनिटांत जाम होते. पाती बदलताना डाव्या-उजव्या जोड्या अदलाबदल होऊ नयेत. प्रत्येक पात्याची धार फिरण्याच्या दिशेने पुढे असावी. पात्यांना हात लावण्यापूर्वी प्लगची टोपी काढून बाजूला ठेवणे हा नियम एकदाही मोडू नये.

इंजिन प्रथम सुरू करताना यंत्र मांगराबाहेर, मोकळ्या हवेत आणावे, कारण त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो. पहिले काम हलक्या, मऊ जमिनीवर घ्यावे. जांभ्या दगडाच्या मोरडीवर आधी मोठे दगड वेचावेत. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीची बरीच मुळे वरच्या थरात पसरलेली असतात, तेव्हा खोडापासून दूर राहून नांगरणी उथळ ठेवावी. पाच-सहा अश्वशक्तीच्या अशा टिलरकडून भाताच्या चिखलणीची अपेक्षा करू नये, आणि खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या) खाऱ्या मातीत तो चालवलाच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून पात्यांना तेल लावावे. पहिल्या चार-पाच तासांच्या कामानंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत आणि चार स्ट्रोकच्या इंजिनाचे ऑइल, स्वच्छ दिसत असले तरी, बदलावे, कारण वर्षांचा गंज आणि काजळी त्याच पहिल्या तेलात उतरलेली असते.