भूर्जवृक्ष बघायला निघालात? या चुका टाळा

पहिली चूक दारातच होते. भूर्ज म्हणजेच भोजपत्र, ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत. पण नर्सरीत ‘भोजपत्र’ म्हणून मिळणारं रोप बहुधा मेलाल्युकाचं असतं, ऑस्ट्रेलियाकडचं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी ते फाटकाजवळ लावून त्यावर ‘भूर्जवृक्ष’ अशी पाटी ठोकली आणि दर दसऱ्याला सरस्वतीपूजनासाठी सालीचे तुकडे वाटायला सुरुवात केली. शेवटी मी एक पान चुरगळून त्यांच्या नाकाशी धरलं. बामासारखा भपकारा! तर म्हणे, “जात वेगळी असेल हो.” पाटी अजून आहे. मी सालीच्या आधी पान बघतो. भूर्जाचं पान अंडाकृती, दातेरी कडेचं, आणि हिवाळ्यात गळणारं. मेलाल्युकाचं लांबट, बारमाही. सालही मऊ, जाड, स्पंजासारखी. भूर्जाची पापुद्र्यांची, आडव्या रेघांची.

सह्याद्रीत पांढरं खोड दिसलं की ‘भूर्ज!’ म्हणून ओरडू नका. तो कांडोळ.

खरा भूर्ज हिमालयात, साधारण तीन हजार मीटरच्या वर, जिथे जंगल संपत येतं तिथे. गंगोत्रीला गाडीतून उतरून देवदारांचे फोटो काढून परतणाऱ्यांनी ‘दिसला नाही’ अशी तक्रार करू नये. गोमुखाच्या वाटेवर चालावं लागतं. खोड पांढरंशुभ्रच हवं हा हट्टही सोडा. तिथली साल तांबूस, गुलाबीसर असते. बर्फाच्या भाराने झाडं वाकडीही होतात.

आता सालीबद्दल. सुटलेला पापुद्रा आपोआप पडतो, पण लोकांना धीर नसतो. चाकू घालून खोलवर सोलतात. आतल्या सालीतून झाडाचं अन्न वाहतं. ती सगळीकडून कापली गेली की झाड मरतं. गोमुखाच्या वाटेवरच्या भोजबासाला नाव या झाडांवरून पडलं, पण सरपणापायी तिथे ती जवळजवळ संपली. गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी नव्वदच्या दशकात तिथे पुन्हा लागवड केली. आपल्या मंडळींनी मात्र ‘आठवण’ म्हणून तीच साल पिशवीत भरायची! मी वाकून जमिनीवरचा तुकडा बघतो आणि तिथेच ठेवतो. पूजेची तांत्रिक यंत्रं लिहिण्यासाठी ऑनलाइन भूर्जपत्र मागवणाऱ्यांशी मी वादही घालत नाही.

बी आणून पुण्यात लावू? नको. त्याला बर्फाचा हिवाळा लागतो, आपला एप्रिल सोसणार नाही.

आणि भूर्जपत्रावरचं लिखाणच बघायचं असेल, तर ऋग्वेदाची शारदा लिपीतली पोथी पुण्यातच आहे, भांडारकर संस्थेत. आधी चौकशी करून जा.